बालकांचे स्नायुविकार आणि आपल्यासारखे लहान समाज

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या या व्याख्यानमालेत वैद्यकीय विषयावर बोलण्याचे काम एखाद्या डॉक्टरऐवजी कापडाच्या व्यापाऱ्याकडे आले, याचे आपणांस नवल वाटले असेल. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. वैद्यकशास्त्राशी माझा संबंध आला तो ट्रस्टच्या वैद्यकीय साहाय्य समितीमुळे. अर्ज वाचणे, बिले तपासणे आणि रक्कम मंजूर करणे एवढेच तेथील काम. परंतु काही अर्ज असे असतात की धनादेश दिल्यानंतरही ते मनातून जात नाहीत. लहान मुलांच्या स्नायूंचे आणि मज्जातंतूंचे आजार हा अशा अर्जांचा विषय आहे. गेल्या काही वर्षांत त्यासंबंधी जे वाचले आणि जाणकार डॉक्टरांनी जे समजावून सांगितले, ते आज आपणांपुढे ठेवतो. त्यातही मुंबईत झालेल्या एका संशोधनाची हकीकत मला विशेष सांगावयाची आहे, कारण ते संशोधन आपल्यासारख्याच, आपसांत विवाहसंबंध करणाऱ्या एका व्यापारी समाजाविषयी आहे.

प्रथम आजार म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. हात उचलावा असे मेंदूस वाटले की तो निरोप मज्जारज्जूतील पेशींकडे येतो, तेथून मज्जातंतूंच्या वाटेने स्नायूपर्यंत जातो आणि मग स्नायू आकुंचन पावतो. या वाटेवर मज्जारज्जूतील पेशी, मज्जातंतू, मज्जातंतू व स्नायू यांचा सांधा आणि स्वतः स्नायू, यांपैकी कोठेही बिघाड झाला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच असते, ते म्हणजे अशक्तपणा. म्हणूनच निदान कठीण होते. मूल बुद्धीने हुशार असते, पाहते, ऐकते, बोलते, पण जिना चढत नाही.

यांतील काही आजार अचानक येतात. २०२५ च्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलियन-बारे या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली, ती आपणांस आठवत असेलच. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले, त्यांत लहान मुलेही होती. आणि साथीतील पहिला संशयित मृत्यू आपल्या सोलापुरात झाला. गुलियन, बारे आणि श्ट्रोल या फ्रेंच लष्करातील डॉक्टरांनी १९१६ साली या विकाराचे वर्णन केले. दूषित पाण्यातून वा अन्नातून कॅम्पिलोबॅक्टर नावाचा जिवाणू पोटात गेला की शरीर त्याच्याशी लढते. परंतु त्या जिवाणूच्या आवरणातील काही द्रव्य आणि आपल्या मज्जातंतूंवरील द्रव्य एकमेकांशी इतके मिळतेजुळते असते की शरीराची संरक्षक शक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने तपासलेल्या नमुन्यांत हा जिवाणू आढळला होता. वेळेवर उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण बरे होतात. पाणी गाळून व उकळून पिण्याचा आपल्या घरांतील नियम नव्या पिढीला जुनाट वाटतो. त्या महिन्यात पुण्यातील डॉक्टर सर्वांना तेच सांगत होते. पंधरा वर्षांखालील मुलाचे हातपाय एकाएकी लुळे पडले तर त्याची नोंद शासनाकडे होणे आवश्यक असते, ही पोलिओ निर्मूलनासाठी उभारलेली व्यवस्था आजही चालू आहे. असे झाल्यास घरी मालिश करीत न बसता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

परंतु आजचा माझा मुख्य विषय हळूहळू, पावलापावलाने येणाऱ्या आनुवंशिक आजारांचा आहे. त्यांतील सर्वांत परिचित म्हणजे ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या डॉ. ड्यूशेन यांनी त्याचे सविस्तर वर्णन केले म्हणून हे नाव. साधारण साडेतीन ते पाच हजार मुलग्यांमागे एकास तो होतो. मूल उशिरा चालू लागते, वरचेवर पडते, त्याच्या पोटऱ्या मोठ्या दिसतात. घरचे म्हणतात, काय बाळसे आहे! प्रत्यक्षात तो स्नायू भरीव नसून त्यात चरबी साठलेली असते. पाठशाळेत मांडी घालून बसलेली मुले प्रार्थनेनंतर उठतात, तेव्हा एखादा मुलगा आधी ओणवा होतो, मग स्वतःच्याच गुडघ्यांवर आणि मांड्यांवर हात टेकत, जणू स्वतःच्या अंगावर चढत, उभा राहतो. लंडनच्या डॉ. गॉवर्स यांनी १८७९ साली वर्णिलेली हीच ती खूण. डॉक्टरांच्या पुष्कळ आधी ती पाठशाळेतील ताईंना दिसू शकते, म्हणून मुद्दाम येथे सांगितली.

या आजाराचे जनुक १९८६-८७ च्या सुमारास बोस्टनच्या डॉ. लुई कुंकेल यांच्या प्रयोगशाळेत सापडले. माणसाच्या ज्ञात जनुकांतील हे सर्वांत मोठ्यांपैकी एक असून त्याचे ७९ भाग आहेत. त्यावरून डिस्ट्रॉफिन नावाचे प्रथिन तयार होते आणि ते स्नायुपेशीला आकुंचनाच्या वेळी फाटण्यापासून वाचविते. आपणां सोलापूरकरांना हे समजणे अवघड जाऊ नये. चादरीच्या मागावर जकार्डची भोके पाडलेली कार्डे एकामागून एक ओवलेली असतात आणि त्यांवरून नक्षी उतरते. मधली काही पूर्ण कार्डे गळाली तर मोर थोडा आखूड होईल, पण मोर म्हणून ओळखू येईल. मात्र एका ठिकाणाहून पुढे सगळी भोके एकेका घराने सरकली, तर तेथून पुढे नक्षी उरतच नाही, नुसता गोंधळ विणला जातो. जनुकाचा तुकडा गळाला आणि पुढचे वाचन जागेवर राहिले तर बेकर नावाचा सौम्य आजार होतो. वाचन सरकले तर ड्यूशेन. हा फरक मला एका डॉक्टरांनी कागदावर आकृत्या काढून अर्धा तास सांगितला होता. तो ध्यानात आला तो मात्र दुसऱ्या दिवशी, एका यंत्रमागासमोर उभा असताना.

समितीपुढे आलेल्या एका अर्जाविषयी सांगतो. नावगाव सांगणार नाही. तालुक्याच्या गावी छोटे दुकान असलेले कुटुंब, सात वर्षांचा मुलगा. पाच वर्षांचा असताना तापासाठी रक्त तपासले, त्यात एसजीपीटी आणि एसजीओटी वाढलेले निघाले. ही यकृताची तपासणी असे आपण सारे समजतो. तेथील डॉक्टरांनीही तसेच समजून दोन वर्षे यकृताची औषधे दिली, पथ्य सांगितले, पुढे मोठ्या शहरात दोनदा सोनोग्राफी झाली. ही द्रव्ये यकृताप्रमाणे स्नायूंतही असतात आणि स्नायू झिजू लागले की रक्तात उतरतात, हे कोणाच्या लक्षात आले नाही. अखेर एका तरुण बालरोगतज्ज्ञाने मुलाला जमिनीवर बसवून उठावयास सांगितले आणि क्रिएटिन कायनेज, म्हणजे सीके, ही तपासणी लिहून दिली. काही शे रुपयांत होणारी ही तपासणी. साधारणतः दोनशेच्या आत असणारा आकडा त्या मुलाचा पंधरा हजारांवर होता. त्या दोन वर्षांत स्टिरॉइडची मात्रा, फिजिओथेरपी, हृदयाची तपासणी हे सर्व सुरू करण्याचा विचार होऊ शकला असता. स्टिरॉइडने आजार बरा होत नाही, पण मूल आपल्या पायांवर आणखी दोन-तीन वर्षे चालते. त्या घरी दोन-तीन वर्षांची किंमत काय असते, हे मी पाहिले आहे.

त्या मुलाच्या आईला गावात काय काय ऐकावे लागले, ते तिने समितीपुढे सांगितले नाही. तिच्या सासऱ्यांच्या बोलण्यातून कळले. हे जनुक क्ष गुणसूत्रावर असते, त्यामुळे आईकडून मुलाकडे येते, एवढे अर्धे ज्ञान घरोघर पोहोचले आहे. परंतु सुमारे एक तृतीयांश मुलांत हा दोष नव्यानेच निर्माण झालेला असतो, आई वाहक नसतेच. आणि वाहक असली तरी तो दोष तिने कोठून विकत आणलेला नसतो, हे पुढचे अर्धे कोणी सांगत नाही. कोणी पूर्वकर्माकडे बोट दाखवितो. मी शास्त्राचा अभ्यासक नाही, परंतु दुसऱ्याच्या कर्माचा हिशेब आपण मांडावा असे आपल्या शास्त्रात कोठे वाचल्याचे मला स्मरत नाही.

त्या मुलास एकोणीस वर्षांची बहीण होती. तिच्यासाठी स्थळे येत होती, आणि खरे सांगावयाचे तर त्या कुटुंबाने दोन वर्षे आजार लपविला तो या मुलीसाठी. आई वाहक असल्यास बहीण वाहक असण्याची शक्यता निम्मी. तिची चाचणी व्हावी की नाही यावर समितीत बराच खल झाला. शेवटी त्या मुलीने स्वतःच निर्णय घेतला आणि मुंबईस जाऊन तपासणी केली. तिचा अहवाल काय आला, हे मला ठाऊक नाही, आणि ठाऊक असण्याचे मला कारणही नाही. प्रवासाची व चाचणीची पावती ट्रस्टकडे आली, ती आम्ही मंजूर केली.

आता दुसरा आजार. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, ज्यास एसएमए म्हणतात. यात मज्जारज्जूतील पेशीच झिजतात. तीव्र प्रकारात बाळ कधीच बसू शकत नाही आणि उपचाराविना बहुधा दोन वर्षांच्या आत श्वास अपुरा पडून जाते. याचे जनुक १९९५ साली पॅरिस येथे डॉ. ज्युडिथ मेल्की यांच्या गटाने शोधले. येथे आई आणि वडील दोघेही वाहक असावे लागतात. दोघेही पूर्ण निरोगी असतात, कुटुंबात मागे कोणास आजार झालेला नसतो, आणि तरीही प्रत्येक गरोदरपणात चारांत एक शक्यता. लखनौच्या संजय गांधी संस्थेतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात उत्तर भारतीयांमध्ये ३८ जणांत एक वाहक आढळला. सोयीसाठी चाळीस धरा. चाळीस गुणिले चाळीस, म्हणजे सोळाशे जोडप्यांत एक जोडपे दोघेही वाहक. त्यास चारने गुणा, म्हणजे ६४०० जन्मांमागे एक बालक. आकडा लहान वाटतो. परंतु आज या सभागृहात आपण सुमारे चारशे जण आहोत, म्हणजे त्या हिशेबाने दहा वाहक येथेच बसले असतील. त्यांत मीही असू शकेन.

या आजाराच्या औषधांची कथा आपण वर्तमानपत्रांत वाचली आहे. २०१९ साली अमेरिकेत मान्य झालेले झोल्गेन्स्मा हे एकदाच द्यावयाचे औषध. किंमत सुमारे सोळा कोटी रुपये. २०२१ मध्ये मुंबईतील एका तान्ह्या मुलीसाठी लोकांनी वर्गणी जमविली आणि केंद्र शासनाने सहा कोटींच्या घरातील आयातकर माफ केला. त्याच वर्षी पुण्याकडील दुसऱ्या एका बालिकेसही वर्गणीतून ते औषध मिळाले, पण दीड-दोन महिन्यांतच ती गेली. औषध निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही; पेशी झिजून गेल्यानंतर औषध त्या परत आणू शकत नाही. दुसरे औषध रिस्डिप्लाम, रोज तोंडाने घ्यावयाचे. मूळ कंपनीची बाटली सुमारे सहा लाखांची होती. पेटंटचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात आणि नंतर सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये हैदराबादच्या नॅटको कंपनीने तेच औषध १५,९०० रुपयांना बाजारात आणले. व्यापाऱ्याच्या सवयीने मी हिशेब मांडला. वीस किलोच्या वरच्या मुलास रोज ५ मिलिग्रॅम, बाटलीत ६० मिलिग्रॅम, म्हणजे बारा दिवसांस एक, वर्षास तीस. पूर्वी वर्षाला पावणेदोन कोटींच्या वर लागत, आता पावणेपाच लाखांच्या आसपास. फरक प्रचंड आहे, यात शंका नाही. तरीही पावणेपाच लाख, दरवर्षी, आणि जन्मभर. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणानुसार ठरावीक रुग्णालयांतून पन्नास लाखांपर्यंत साहाय्य मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. ही माहिती ट्रस्टच्या कार्यालयात लावली आहे.

आता ज्या संशोधनासाठी मी आज उभा आहे, त्याकडे येतो.

मुंबईत मज्जातंतू आणि स्नायूंच्या अभ्यासाची परंपरा जुनी आहे. जे. जे. रुग्णालयातील डॉ. दाराब दस्तूर यांनी कुष्ठरोगात त्वचेतील मज्जातंतूंचे काय होते यावर लिहिलेला निबंध १९५५ साली इंग्लंडच्या 'ब्रेन' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. पुढच्या पिढीत डॉ. सतीश खाडिलकर यांनी, प्रथम जे. जे. मध्ये आणि नंतर बॉम्बे हॉस्पिटलात, स्नायुविकारांच्या रुग्णांची वर्षानुवर्षे काटेकोर नोंद ठेवली. डॉ. रश्ना दस्तूर आणि प्रज्ञा गायतोंडे यांनी मुंबईतच जनुकीय तपासणीची सोय उभी केली. एसएमए असलेल्या भारतीय रुग्णांवरील त्यांचा अभ्यास २००६ मध्ये आणि बेकरसंबंधीचा २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या काळी रक्ताचे नमुने परदेशी पाठविण्यावाचून गत्यंतर नव्हते, त्या काळाच्या मानाने हे काम फार मोठे होय.

नोंदी ठेवता ठेवता एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. कमरेच्या व खांद्याच्या स्नायूंना दुर्बल करणारा, बहुधा शाळकरी किंवा तरुण वयात सुरू होणारा एक आजार अगरवाल आडनावांच्या कुटुंबांत वारंवार आढळत होता. कॅल्पेन-३ या जनुकातील दोषामुळे तो होतो. अटलांटाच्या एमरी विद्यापीठातील डॉ. माधुरी हेगडे यांच्या सहकार्याने या कुटुंबांची जनुके वाचली गेली आणि २०१३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. अगरवाल रुग्णांत दोन विशिष्ट दोष पुन्हा पुन्हा सापडत होते. ही कुटुंबे एकमेकांस ओळखत नव्हती, निरनिराळ्या शहरांत राहत होती, परंतु केव्हातरी एका पूर्वजापासून आलेला दोष समाजाच्या आपसांतील विवाहांमुळे समाजातच फिरत राहिला होता. शास्त्रज्ञांनी त्या निबंधात समाजाचा इतिहासही मांडला. हिस्सारजवळचे अग्रोहा, अठरा गोत्रे, गोत्राबाहेर पण समाजात विवाह. वाचताना मला वाटले, हे आपल्याविषयीच लिहिले आहे की काय.

याच गटाने २०१७ मध्ये आणखी एक विलक्षण गोष्ट दाखविली. जीएनई नावाच्या जनुकातील दोषामुळे तारुण्यात पायांचे स्नायू दुबळे होतात. मूळ राजस्थानच्या रुग्णांत जो दोष आढळला, तोच युरोपातील रोमा म्हणजे जिप्सी लोकांत आढळतो. हजारएक वर्षांपूर्वी वायव्य भारतातून निघालेल्या माणसांबरोबर तो दोष युरोपात गेला, आणि ज्यांचे पूर्वज मागे राहिले त्यांच्यात तो येथेही राहिला. आपल्यापैकी ज्यांची मुळे मारवाडात आहेत, त्यांनी हे ऐकून ठेवावे.

शेजारच्या आंध्र-तेलंगणातील वैश्य समाजाचे उदाहरण तर भूलतज्ज्ञांना पाठ आहे. त्या समाजातील काहींच्या रक्तात एक विकर नसते. त्यामुळे शस्त्रक्रियेच्या वेळी स्नायू सैल करण्यासाठी देतात त्या सक्सिनिलकोलीन औषधाचा परिणाम काही मिनिटांऐवजी काही तास राहतो. कोइंबतूरच्या भारतियार विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील सहकाऱ्यांसह २००६ मध्ये त्याचे जनुकीय कारण प्रसिद्ध केले. जाता जाता सांगतो, ड्यूशेनच्या मुलांनाही हे औषध वेगळ्या कारणाने घातक ठरू शकते. हृदय थांबू शकते. अशा मुलाची कोणतीही शस्त्रक्रिया असो, दात काढावयाचा असो, भूल देण्यापूर्वी आजाराचे नाव डॉक्टरांस सांगावे.

२०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबी संस्थेचे डॉ. थंगराज आणि अमेरिकेतील हार्वर्डचे संशोधक यांनी दक्षिण आशियातील २६३ समाजगटांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील ८१ गटांत अशा पूर्वजदोषाची शक्यता युरोपातील ज्यू आणि फिनलंडच्या लोकांपेक्षाही अधिक असल्याचे त्यांनी मांडले. ज्यू समाजावर यासंबंधी जगात सर्वाधिक संशोधन झाले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या वाक्याचे वजन कळते.

आपण म्हणाल, आम्ही गोत्र टाळतो. टाळतो, आणि चांगलेच करतो. परंतु हिशेब पाहा. पाच पिढ्या मागे गेलो तर प्रत्येकास ३२ पूर्वज असतात. गोत्र त्यांपैकी फक्त एकाचे, बापाच्या बापाच्या बापाचे, माग काढते. मारवाडी समाजांत पूर्वी चार-चार गोत्रे टाळीत, तरी चारच रेषा झाल्या. उरलेल्या अठ्ठावीस पूर्वजांचे काय? त्यात आपल्या सोलापूर, विजापूर, कलबुर्गी पट्ट्यात मामाच्या मुलीशी विवाह करण्याची चाल अनेक समाजांत आजही आहे. समाज लहान असला की दोन निराळ्या गोत्रांची स्थळेसुद्धा कोठेतरी एका आजीपाशी जाऊन मिळतात.

मग करावे काय? समाजाबाहेर विवाह करा, असे मी या व्यासपीठावरून सांगणार नाही. सांगितले तरी आपण ऐकणार नाही. गर्भ राहिल्यावर तपासणी हा एक मार्ग आहे. अकरा-बारा आठवड्यांनंतर गर्भाच्या आवरणाचा अंश घेऊन निदान करता येते, आणि गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणाऱ्या कायद्याने नोंदणीकृत केंद्रांत अशा आनुवंशिक आजारांच्या तपासणीस मुभा ठेवलेली आहे. पण बाळ आजारी आहे असे कळले तर पुढे काय? गर्भपाताचा निर्णय कोणत्याही आईस सोपा नसतो, आणि अहिंसेचे संस्कार झालेल्या आपल्या घरांत तर तो निर्णय घेणारी स्त्री आणि न घेणारी स्त्री, दोघीही पुढे वर्षानुवर्षे एकट्या राहतात. मी अशा दोघी पाहिल्या आहेत. कोणी बरोबर, कोणी चूक, हे ठरविण्याचा अधिकार मला नाही. माझे म्हणणे इतकेच की त्या टोकापर्यंत जाण्याची पाळी येण्याच्या पुष्कळ अगोदर माहिती मिळू शकते.

हीच अडचण न्यूयॉर्कच्या कर्मठ ज्यूंपुढे होती. त्यांनाही गर्भपात मान्य नाही, विवाह समाजातच, तेही स्थळे पाहून. त्यांच्यात फॅमिलियल डिसऑटोनोमिया हा मज्जातंतूंचा बालविकार आहे. रायली आणि डे यांनी १९४९ साली तो वर्णिला. ही मुले रडतात, पण डोळ्यांतून अश्रू येत नाहीत. सुमारे तिसांत एक वाहक. त्याहून भीषण टे-सॅक्स नावाचा मेंदूचा आजार. ब्रुकलिनचे धर्मगुरू जोसेफ एक्स्टाइन यांची चार मुले टे-सॅक्सने गेली, आणि त्यांनी १९८३ मध्ये 'दोर येशोरिम' ही संस्था सुरू केली. शाळेतील मुलामुलींचे रक्त घ्यावयाचे, नाव न लिहिता एक क्रमांक द्यावयाचा. स्थळ पुढे जाण्यापूर्वी दोन्ही घरे आपापले क्रमांक कळवितात आणि उत्तर मिळते, जुळते किंवा जुळत नाही. दोघेही एकाच दोषाचे वाहक असतील तरच 'जुळत नाही'. कोणाच्याही नावाला डाग लागत नाही. फॅमिलियल डिसऑटोनोमियाचे जनुक २००१ मध्ये सापडल्यावर तोही या तपासणीत आला, आणि असे बाळ जन्मास येणे आता फार विरळ झाले आहे. आपल्याकडे सिंधी आणि लोहाणा समाजांनी थॅलेसेमियासाठी विवाहपूर्व तपासणीची शिबिरे घेतली आहेत. म्हणजे ही कल्पना अगदीच परकी नाही.

क्रमांकाची पद्धत जशीच्या तशी आपण घ्यावी असे मात्र मला वाटत नाही. माणसास स्वतःच्या रक्तातील गोष्ट स्वतःलाच कळू नये, हे मला पटत नाही. आणि परिचय मेळाव्याच्या पुस्तिकेत उंची, शिक्षण, उत्पन्न यांच्या शेजारी 'वाहक' असा आणखी एक रकाना छापण्याची सूचना एका कार्यकर्त्याने केली आहे, तिला माझा स्पष्ट विरोध आहे. त्या रकान्याचा काच मुलांना होणार नाही, मुलींनाच होईल. वाहक असणे हा आजार नव्हे. दोन्ही बाजू वाहक असतील तेवढ्याच वेळी, किंवा ड्यूशेनसारख्या आजारात मुलीच्या बाबतीत, विचार करावा लागतो. आणि तोही त्या दोन घरांनी, जनुकीय समुपदेशकासमोर बसून.

म्हणून विश्वस्त मंडळापुढे माझे निवेदन असे. सुवर्णमहोत्सवी निधीतील एक भाग स्वतंत्र ठेवून विवाह ठरलेल्या किंवा नुकताच विवाह झालेल्या ज्या जोडप्यास एसएमए आणि तत्सम आजारांची वाहक चाचणी करावयाची असेल, त्यांचा खर्च ट्रस्टने द्यावा. एका चाचणीस काही हजार रुपये लागतात. एका मेजवानीच्या पंगतीत आपण याहून अधिक वाढतो. ज्या घरात आजारी मूल आहे, त्या घरातील आईची आणि बहिणींची तपासणी त्यांच्या इच्छेनुसार प्रथम व्हावी. ट्रस्टने पावती पाहावी, अहवाल पाहू नये. पाठशाळेच्या शिक्षिकांसाठी वर्षातून एकदा बालरोगतज्ज्ञांचे मार्गदर्शन ठेवावे. मुंबईस तपासणीस जाणाऱ्या कुटुंबासाठी परळ भागात दोन दिवस उतरण्याची व्यवस्था तेथील साधर्मिक बंधूंच्या मदतीने होऊ शकेल. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी उतरलेल्या आईस आजारी मुलाला घेऊन स्थानकावर बसून राहावे लागू नये. मस्क्युलर डिस्ट्रॉफीचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात झालेला आहे, तेव्हा प्रमाणपत्राच्या कामी सिव्हिल हॉस्पिटलात बरोबर जाणारा एक कार्यकर्ता नेमावा.

या निधीसाठी पहिल्या पंचवीस जोडप्यांच्या चाचणीची रक्कम माझ्या दुकानातर्फे मी आज कार्यालयात जमा केली आहे. अर्जाचा नमुना कार्यवाहांकडे मिळेल. त्यात नावाचा रकाना आहे, निदानाचा नाही.

जय जिनेंद्र.